आधी पडायला शिका

(एस. वाय. बी. ए.)

ज्युदो म्हणजे समोरच्याला उचलून आपटण्याची विद्या, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. सिनेमात तसेच दाखवतात आणि स्वसंरक्षणाच्या शिबिरांच्या जाहिरातींवरही तसेच चित्र असते. प्रत्यक्षात ज्युदोच्या वर्गात नाव घातलेल्या विद्यार्थ्याला पहिले कित्येक दिवस कुणालाही पाडू दिले जात नाही. त्याला पडायला शिकवतात. मागे पडा, कुशीवर पडा, पुढे कोलांटी घेऊन पडा. उठा आणि पुन्हा पडा. मी घरी हे सांगितले तेव्हा आई म्हणाली, "पडायला शिकायला पैसे कशाला भरायचे? ते तर जन्मापासून येतं." आईचे बोलणे ऐकून आम्ही सगळे हसलो. पण या प्रश्नाचे नीट उत्तर द्यायचे म्हटले तर ज्युदो या खेळाचे सारे मर्म सांगावे लागते. कारण माणसाला जन्मापासून जे पडणे येते ते चुकीचे असते. तोल गेला की आपण हात टेकतो, मान ताठ करतो आणि श्वास रोखतो. या तिन्ही गोष्टी ज्युदोच्या गादीवर घातक आहेत.

हा लेख लिहिण्याचे कारण एवढेच की आपल्याकडे आता ज्युदो शिकणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढत आहे आणि त्यातली बरीचशी माझ्यासारखीच, घरातून कॉलेजचा उंबरा ओलांडणारी पहिलीच आहेत. आमच्या घरी खेळातल्या दुखापतीविषयी सांगणारे कुणी नसते. वडिलांचा एक दिवस दवाखान्यात गेला तर एक दिवसाची मजुरी बुडते. मुलाचा हात मोडला तर "नीट खेळत जा" म्हणतात. मुलीचा हात मोडला तर खेळ बंद होतो, आणि कधीकधी खेळापाठोपाठ कॉलेजही. तेव्हा दुखापत टाळणे ही आमच्यासाठी केवळ क्रीडाशास्त्राची बाब नाही.

कानो यांचा विचार

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांचा जन्म १८६० सालचा. ते तोक्यो विद्यापीठात राज्यशास्त्र, अर्थशास्त्र असे विषय शिकले, म्हणजे एका अर्थी आपल्याच शाखेचे विद्यार्थी. अंगाने लहानखुरे होते आणि शाळेत दांडगी मुले त्यांना त्रास देत, म्हणून ते जुजुत्सू ही जुनी युद्धविद्या शिकू लागले. जुजुत्सूमध्ये शत्रूला जायबंदी करण्याचे डाव होते, कारण ती रणांगणावरची विद्या होती. १८८२ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, कानो यांनी तोक्योतील एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत आपली शाळा सुरू केली. पहिल्या वर्षी शिष्य होते अवघे नऊ. हीच पुढे जगप्रसिद्ध झालेली कोदोकान संस्था.

कानो यांनी जुन्या विद्येत मोठा बदल केला. जे डाव सरावात वापरले तर हाडे मोडतील, ते त्यांनी मोकळ्या सरावातून काढून टाकले आणि फक्त ठरीव प्रात्यक्षिकांत ठेवले. उरलेले डाव पूर्ण ताकदीने करता यावेत म्हणून पडण्याची कला, जिला जपानीत 'उकेमी' म्हणतात, ती पायाभूत धरली. पुढे त्यांनी ज्युदोची दोन तत्त्वे सांगितली. पहिले, शक्तीचा योग्य ठिकाणी योग्य वापर. आणि दुसरे, स्वतःचे व दुसऱ्याचे मिळून कल्याण. हे दुसरे तत्त्व भिंतीवर लिहून ठेवण्याचे सुभाषित नसून सुरक्षिततेचा नियम आहे. समोरचा जोडीदार उद्या सरावाला आला नाही तर तुमचाही सराव थांबतो, हा त्याचा साधा अर्थ.

आपल्या देशाचा ज्युदोशी संबंधही जुना आहे. रवींद्रनाथ टागोरांनी १९२९ साली शिन्झो ताकागाकी या जपानी ज्युदो शिक्षकांना शांतिनिकेतनात आणले होते. कवितेच्या आणि चित्रकलेच्या त्या विद्यालयात ही विद्या रुजवावी असे त्यांना वाटले, ही गोष्ट कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मातीतला पैलवान आणि गादीवरचा ज्युदोपटू

आपल्याकडे ज्युदोकडे वळणारी बरीच मुले कुस्तीच्या वातावरणात वाढलेली असतात. गावात तालीम असते, जत्रेत कुस्त्यांचे फड होतात आणि धोबीपछाड, ढाक, कलाजंग हे शब्द लहान पोरांनाही ठाऊक असतात. ज्युदोतील 'सेओई-नागे' हा डाव पाहिला की आपला माणूस लगेच म्हणतो, "ही तर आपली धोबीपछाड!" साम्य आहे हे खरेच. परंतु एक भेद असा आहे की तो समजला नाही तर अपघात होतो.

कुस्तीत पाठ टेकली की डाव संपला. म्हणून पैलवानाचे सारे अंग पाठ वाचवण्यासाठी तयार झालेले असते. तो हवेत असतानाच वळतो, हात टेकतो, डोक्यावर पूल करतो, काही झाले तरी चीत होत नाही. ज्युदोत नेमके उलटे आहे. चांगला डाव बसला की समोरच्याने सरळ पाठीवर, दंडाने गादीवर थाप मारीत पडावे, हेच सुरक्षित असते. एक गुण जातो, पण शरीर वाचते. कुस्तीची सवय असलेला नवखा मुलगा वळून हात टेकतो तेव्हा त्याच्या स्वतःच्या वजनाबरोबर पाडणाऱ्याचेही वजन त्या एका मनगटावर, कोपरावर किंवा खांद्याच्या टोकावर येते. कोपर निखळणे, गळपट्टीचे हाड मोडणे, खांद्याचा सांधा उचकणे हे प्रकार बहुधा असेच होतात. डोक्यावर पूल करून पाठ वाचवणे तर मानेच्या मणक्याशी खेळ आहे. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमांत असे पूल केले तरी समोरच्याला पूर्ण गुण देतात, म्हणजे खेळाडूला त्या धाडसाचा काही लाभ होत नाही.

दुसरा भेद जमिनीचा. तालमीतला हौद खोदून मऊ केलेला असतो. त्यात ताक, तेल, हळद घालून माती मळलेली असते. वस्ताद रोज माती उकरून घेतात ते उगाच नव्हे. ज्युदोची गादी म्हणजे तातामी. तिचे तुकडे साधारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद असतात. ते घट्ट जुळलेले हवेत. दोन गाद्यांच्या फटीत पायाचे बोट अडकले आणि शरीर फिरले की गुडघा गेलाच म्हणून समजा. कोदोकानमध्ये तर गादीखालच्या लाकडी जमिनीलाही स्प्रिंगा बसवल्या आहेत. आपल्याकडे फरशीवर पातळ गाद्या टाकून, बाजूला खांब आणि लोखंडी कपाट ठेवून सराव चालतो, तेव्हा तालमीतल्या साध्या मातीचा शहाणपणाही आपण विसरलेलो असतो.

पडावे कसे?

उकेमीचे नियम थोडक्यात सांगता येतात, पण अंगवळणी पडायला महिने लागतात.

पहिला नियम डोक्याचा. मागे पडताना हनुवटी छातीकडे घ्यावी आणि नजर आपल्या पट्ट्याच्या गाठीकडे ठेवावी. असे केले की डोके आपोआप गादीपासून दूर राहते. दुसरा नियम हाताचा. हात मागे टेकायचा नाही. संपूर्ण हात, तळव्यापासून दंडापर्यंत, शरीरापासून थोड्या अंतरावर तिरका ठेवून गादीवर आपटायचा. म्हणजे आघात एका बिंदूवर न येता पसरतो. हात खांद्याच्या रेषेत वर गेला तर खांदा दुखावतो, अगदी अंगाला चिकटला तर बरगडीखाली सापडतो. तिसरा नियम श्वासाचा. पडण्याच्या क्षणी श्वास सोडावा. चौथा नियम पायांचा. कुशीवर पडताना पाय एकमेकांवर आपटू देऊ नयेत, नाहीतर घोट्यावर घोटा बसतो.

हे सर्व आधी बसल्या जागेवरून, मग उकिडवे बसून, मग उभे राहून आणि शेवटी जोडीदाराने हळू पाडल्यावर शिकायचे. विद्यार्थी दमला की हनुवटी सुटते. म्हणून सरावाच्या शेवटी, सर्वजण थकलेले असताना, नवख्यांना जोरात पाडण्याचा कार्यक्रम कधीही ठेवू नये.

पण एवढ्यावर थांबणे बरोबर नाही. पडणाऱ्याने कसे पडावे हे सर्वजण सांगतात. पाडणाऱ्याचे कर्तव्य फारसे कुणी सांगत नाही. ज्युदोत पाडणाऱ्याला 'तोरी' आणि पडणाऱ्याला 'उके' म्हणतात. तोरीच्या एका हातात उकेची बाही असते. डाव पूर्ण होताना ती बाही वर ओढून धरायची असते, म्हणजे उकेचे शरीर कुशीवर वळते आणि डोके वर राहते. बाही सोडून दिली, किंवा हौसेने स्वतःही त्याच्या अंगावर कोसळले, तर उके कितीही तयारीचा असला तरी त्याचे काही चालत नाही. चांगला ज्युदोपटू ओळखायचा तो त्याने किती जणांना पाडले यावरून नव्हे, तर त्याने पाडलेले किती जण हसत उठले यावरून, असे मला वाटते.

जपानने मोजलेली किंमत

ज्या देशाने ही विद्या दिली त्या देशातच तिची सर्वांत दुःखद कहाणी आहे. नागोया विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ र्‍यो उचिदा यांनी शाळांतील अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की १९८३ नंतरच्या सुमारे तीन दशकांत जपानच्या शाळांत ज्युदोमुळे शंभराहून अधिक मुले दगावली होती. एकेक अपघात वेगवेगळा पाहिला जात असल्यामुळे "दुर्दैव" म्हणून सोडून दिला गेला होता. आकडे एकत्र मांडल्यावर त्यात एक नियम दिसू लागला. मरण पावलेल्यांत पहिल्या वर्षाचे, नुकतेच ज्युदो शिकू लागलेले विद्यार्थी फार होते. अपघात नवे शालेय वर्ष सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत अधिक झाले होते. आणि बऱ्याच वेळा डाव एकच होता, 'ओसोतो-गारी'. यात समोरच्याचा पाय मागून झाडून त्याला थेट पाठीवर पाडतात. नवख्याची हनुवटी सुटली की डोक्याची मागची बाजू गादीवर आदळते.

अखिल जपान ज्युदो महासंघाकडे २००३ ते २०१० या काळात आलेल्या गंभीर अपघातांचा वैद्यकीय अभ्यासही प्रसिद्ध झाला आहे. त्यात डोक्याच्या ३० आणि मानेच्या १९ दुखापती होत्या. डोक्याच्या दुखापती झालेल्यांपैकी निम्मे दगावले. त्यांतील बहुतेक वीस वर्षांच्या आतले होते. मानेच्या दुखापती मात्र अनुभवी खेळाडूंना अधिक झाल्या, आणि त्याही पुष्कळदा स्वतः डाव टाकताना. जोर मिळावा म्हणून डोके खाली खुपसून डाव टाकला की मान गादीत रुतते. आज स्पर्धेत असे डोके खुपसणाऱ्याला तत्काळ बाद करतात.

अपघातात मुले गमावलेल्या आणि अपंगत्व आलेल्या मुलांच्या पालकांनी २०१० साली जपानमध्ये संघटना स्थापन केली. २०१२ पासून तेथील माध्यमिक शाळांत ज्युदो, केंदो यांसारख्या विद्या सक्तीच्या होणार होत्या. त्यामुळे हा प्रश्न साऱ्या देशाचा झाला. शिक्षकांना प्रशिक्षण दिले गेले, सूचना काढल्या गेल्या. २०१२ ते २०१४ या तीन वर्षांत शाळेत एकही मृत्यू झाला नाही. दुर्दैवाने २०१५ मध्ये पुन्हा झाला. यातून दोन गोष्टी सिद्ध होतात. मृत्यू टाळता येतात. आणि लक्ष ढळले की ते परत येतात. २०२२ साली तर जपानच्या महासंघाने प्राथमिक शाळेतील मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली. लहान वयात जिंकण्याचा ध्यास घातक ठरतो, हे त्यामागचे कारण होते. फ्रान्समध्ये ज्युदो शिकणारी मुले लाखांनी मोजावी लागतात, पण तेथे १९५५ च्या कायद्यापासून ज्युदो शिकवायला सरकारी पात्रता लागते.

याउलट चित्र तैवानमधले. २०२१ च्या एप्रिल महिन्यात ताइचुंग शहरात सात वर्षांच्या एका नवशिक्या मुलाला सरावात सत्तावीस वेळा आपटले गेले. डोके दुखते असे तो सांगत होता. तो कोमात गेला आणि जूनअखेर वारला. शिकवणाऱ्याकडे परवाना नव्हता. न्यायालयाने त्याला नऊ वर्षांची शिक्षा दिली. पण मुलगा गेला तो गेला. त्याचे बोलणे मोठ्यांपैकी कुणी तरी खरे मानायला हवे होते.

डोक्याच्या आत काय होते?

आपला मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. तो द्रवात तरंगत असतो. मेंदूच्या पृष्ठभागावरून बारीक शिरा वरच्या आवरणाकडे जातात. डोके झटक्याने फिरून थांबले की कवटी थांबते आणि मेंदू क्षणभर पुढे सरकतो. त्या ओढीने या शिरा तुटू शकतात. डोके प्रत्यक्ष जमिनीवर आपटलेच पाहिजे असेही नाही. जोराचा हिसका पुरतो. तुटलेल्या शिरेतून रक्त आवरणाखाली साठते, कवटी हाडाची असल्यामुळे त्याला जागा मिळत नाही आणि मेंदू दाबला जातो. बाहेरून डोक्याला टेंगूळही नसते. "काही लागलेले नाही" असे म्हणून मुलाला घरी पाठवतात आणि रात्री तो उठत नाही.

शिवाय डोक्याला बसलेला पहिला मार सौम्य असला तरी तो पूर्ण बरा होण्याआधी दुसरा बसला तर परिणाम फार वाईट होऊ शकतो. म्हणून जगभर एकच नियम सांगतात. डोक्याला मार बसल्याची शंका आली की त्या दिवशीचा खेळ बंद. पहिले एकदोन दिवस विश्रांती, मग हलके चालणे-फिरणे, मग एकट्याने व्यायाम, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच पुन्हा पाडणे-पडणे. डोकेदुखीची गोळी घेऊन गादीवर उतरणे हे शौर्य नाही.

घरच्यांसाठी खुणा सोप्या शब्दांत लिहिते. ज्यांच्या घरी वाचणारे नाही त्यांनी वाचून दाखवाव्यात. मार बसल्यानंतर डोकेदुखी वाढत जाणे, पुन्हा पुन्हा उलटी होणे, हाक मारली तरी नीट जाग न येणे, तोच तोच प्रश्न विचारणे किंवा असंबद्ध बोलणे, फिट येणे, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, हातापायातला जोर जाणे. यातले एकही दिसले तर "सकाळी बघू" म्हणू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मोठ्या दवाखान्यात न्यावे. मानेत दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर मुलाला उचलू नये, बसवू नये, पाणी पाजू नये आणि मान "मोकळी करण्यासाठी" कुणालाही ओढू देऊ नये. डोके-मान आहे तशी स्थिर धरून मदतीची वाट पाहावी.

हाडे, सांधे आणि गळा

सुदैवाने अशा भयंकर दुखापती विरळा असतात. नेहमीच्या दुखापती गुडघा, खांदा, कोपर आणि बोटांच्या. २००८ व २०१२ च्या ऑलिम्पिकमध्ये ज्युदोपटूंपैकी सुमारे अकरा-बारा टक्क्यांना दुखापत झाली होती. जगातल्या उत्तम खेळाडूंची ही गत, तर नवख्यांनी किती जपावे!

वाढत्या वयातील मुलांच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ थर असतो. तेथूनच हाड लांब होते. मोठ्या माणसाची जेथे शीर लचकते तेथे मुलाचा हा थर सरकू शकतो, आणि नीट उपचार न झाल्यास ते हाड वाकडे वाढते किंवा आखूड राहते. म्हणूनच जपानमध्ये प्राथमिक शाळेतील मुलांना सांधा पिळण्याचे आणि गळा आवळण्याचे डाव वर्ज्य आहेत. पुढच्या माध्यमिक वर्गांतही सांधा पिळणे वर्ज्यच आहे. मुलींना गुडघ्याच्या आतील बंध तुटण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, म्हणून मांड्यांचे व्यायाम आणि उडीवरून गुडघे वाकवून नीट उतरण्याचा सराव मुलींनी अवश्य करावा. काही डाव तर अव्वल खेळाडूंसाठीही बंद झाले आहेत. जपानचा थोर ज्युदोपटू यासुहिरो यामाशिता याचा पाय १९८० साली 'कानी-बासामी', म्हणजे खेकड्याची कात्री, या डावात मोडला. हा डाव आता स्पर्धेत चालत नाही.

आपल्या भागात हात दुखावला की आधी हाडवैद्याकडे नेण्याची रीत आहे. त्या जुन्या माणसांचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही. परंतु लहान मुलाच्या कोपराच्या वरचे हाड मोडले असता जवळची रक्तवाहिनी दाबली जाण्याचा धोका असतो. तेथे चोळले किंवा कामट्या लावून घट्ट बांधले तर बोटांचा रक्तपुरवठा तुटून हात कायमचा आखडू शकतो. हात आहे त्या स्थितीत झोळीत घ्यावा, बोटे गार, पांढरी किंवा निळी पडत नाहीत ना हे पाहावे आणि आधी क्ष-किरण चित्र काढावे.

गळ्याच्या डावांत मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि सुमारे दहा सेकंदांत शुद्ध जाऊ शकते. म्हणून शरणागतीची खूण प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. जोडीदाराच्या अंगावर किंवा गादीवर दोनदा थाप मारायची, किंवा 'माइत्ता', म्हणजे हरलो, असे म्हणायचे. थाप पडली की त्याच क्षणी सोडायचे. थाप मारायला लाजू नये आणि मारणाऱ्याला हसू नये.

वजन, पाणी आणि स्वच्छता

ज्युदोत वजनगट असतात, त्यामुळे सामन्याआधी वजन उतरवण्याचा मोह होतो. पाणी न पिणे, उन्हात जाड कपडे घालून धावणे, उपास करणे हे प्रकार मुलांत सर्रास चालतात. १९९६ साली अॅटलांटा ऑलिम्पिकची तयारी करणारा दक्षिण कोरियाचा चुंग से-हून हा बावीस वर्षांचा खेळाडू वजन उतरवण्याच्या प्रयत्नात वारला. वाढत्या वयाच्या मुलाने वरच्या गटात खेळावे, हे त्याहून कितीतरी बरे. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे महिन्यांत सराव असेल तर दर थोड्या वेळाने पाणी प्यायला हवे. "पाणी प्यायलास तर दम लागेल" हा समज आता सोडून द्यावा.

नायटा, गजकर्ण हे त्वचेचे विकार अंगाला अंग लागून झपाट्याने पसरतात. नखे कापलेली, पाय धुतलेले, ज्युदोगी धुऊन वाळवलेली, आणि चपला गादीबाहेर. या चार गोष्टींना खर्च येत नाही.

आपण काय करू शकतो?

माझ्या पाहण्यातली एक गोष्ट सांगते. एका सामन्याच्या वेळी एका संघाचा एक वजनगट रिकामा राहत होता. अनुपस्थितीचा गुण जाऊ नये म्हणून अवघे तीन आठवडे शिकलेल्या एका मुलीला उभे केले. समोरची मुलगी चार वर्षे खेळत होती. पहिल्याच डावात हिने हात टेकला आणि गळपट्टीचे हाड मोडले. तिला नंतर कुणी वाईट वागवले नाही. संघाने फळे नेली, चौकशी केली. पण ती पुन्हा गादीवर आली नाही, आणि त्या वर्षी परीक्षेलाही बसली नाही. जपानमधल्या नोंदींत दिसलेला नियम, म्हणजे नवखा विद्यार्थी, वर्षाचे पहिले महिने आणि बरोबरीची नसलेली जोड, हा आपल्यालाही जसाच्या तसा लागू आहे. आपल्याकडे जून-जुलैत प्रवेश होतात आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत आंतरमहाविद्यालयीन सामने सुरू होतात. मधल्या काळात किती मुले पडायला शिकतात, याचा जिमखाना समितीने विचार करावा.

म्हणून माझ्या अल्पमतीला सुचलेल्या चार गोष्टी मांडते. ज्याची उकेमी शिक्षकांनी पाहून पक्की म्हटली नाही, त्याला त्या वर्षी सामन्यात उतरवू नये. वजनगट रिकामा राहिला तरी चालेल. नवख्याची जोड वजनाने, वयाने आणि अनुभवाने जवळच्याशीच लावावी, आणि त्याच्यावर ओसोतो-गारीसारखा डाव जोरात टाकू नये. "डोके दुखते" असे कुणी म्हटले तर शिक्षकांनी कारण न विचारता त्याला गादीबाहेर बसवावे आणि घरी निरोप द्यावा. आणि वर सांगितलेल्या खुणा सोप्या मराठीत छापून प्रत्येक पालकाच्या हाती द्याव्यात. एका कागदाचा तो खर्च आहे.

मैत्रिणींनो आणि मित्रांनो, ज्युदो धोक्याचा आहे म्हणून सोडावा, असे मी मुळीच म्हणत नाही. गावातल्या तालमीच्या दाराशी उभे राहून आत डोकावणाऱ्या आमच्यासारख्या मुलींना ज्युदोनेच प्रथम अंगात बळ असल्याची जाणीव दिली. हे बळ आम्हाला टिकवायचे आहे. यंदा नव्याने नाव घालणाऱ्या मुलामुलींना कुणी घाईने सामन्यात उभे केले नाही आणि त्यांची उकेमी पक्की होईपर्यंत संघाने वाट पाहिली, तर या लेखाचे चीज झाले असे मी समजेन.